अंबाजीराव दफेदारांची सोनामुखी

लष्कर मोहल्ल्यात अंबाजीराव दफेदारांना सगळे ओळखत, पण त्यांच्या घरी येण्याचं काही कारण मात्र कुणाला उरलं नव्हतं. महाराजांच्या रिसाल्यात त्यांची बत्तीस वर्षं गेली, त्यातली वीस घोड्यांच्या दवापाण्यात. मग पेन्शन झाली, भागीरथीबाई वारल्या, एकुलती एक लेक वनजा बेंगळूरला सासरी नांदत होती. उरल्या दोन खोल्या, एक चूल आणि हा माणूस. सकाळी भात टाकायचा, तोच रात्री लोणच्याशी गिळायचा. एकट्यासाठी भाजी कोण चिरत बसणार? पाण्याचा भरून ठेवलेला तांब्या संध्याकाळी तसाच असायचा.

अशानं पोट तुंबणार नाही तर काय होणार! पण एक सकाळ कोरडी गेली मात्र, दफेदारांच्या तोंडचं पाणी पळालं. पागेतला नियम त्यांच्या हाडीमाशी भिनलेला. घोड्यानं दिवसभर लीद टाकली नाही, तर जनावर रात्र काढेल याचा भरवसा नाही. किती उमदी घोडी त्यांनी पोटशुळानं लोळून मरताना पाहिली होती. आता माणूस म्हणजे घोडा नव्हे, हे त्यांना सांगायला घरात होतं कोण? त्यांनी सोनामुखीची पानं उकळली आणि काढा घटाघटा पिऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी सुटका झाली. झालं, मग रोजचाच नेम! चिमटीची मूठ झाली, एका मुठीच्या दोन झाल्या. वर्षभरात गत अशी, की काढा घेतला तर पोटात मुरडा आणि परसातल्या संडासाच्या चार खेपा. नाही घेतला तर काही म्हणता काही नाही.

तिकडं वनजाची पत्रं येत होती. "अप्पा, या ना. नातू दोन वर्षांचा झाला, आजोबा कसे दिसतात ते त्याला ठाऊक नाही." दफेदार पत्र चारदा वाचत, पाचव्यांदा नुसतं हातात धरून बसत. जावं असं फार वाटे. पण जावयाच्या घरी सकाळभर संडास अडवून बसायचं? महादेवरावांना कचेरीला जायचं असणार, आणि सासरा आत कण्हतोय! छे, त्यापेक्षा मेलेलं बरं. मग उत्तर जाई, "मुलीच्या घरचं अन्न खाण्याची आपल्यात रीत नाही." मूल झाल्यावर ती रीत संपते, हे वनजालाही ठाऊक होतं. हळूहळू पत्रं विरळ झाली, आणि त्या साली दिवाळीला तर एकही आलं नाही.

एका सकाळी परसातून परतताना त्यांच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. भिंत धरून ते खाली बसले ते तासभर उठलेच नाहीत. भिंतीपलीकडं कमलाक्षी नावाची शेजारीण कुणाशी तरी कानडीत गप्पा मारत होती, हसत होती. हाक मारली असती तर धावून आली असती. पण काय म्हणून हाक मारायची? दफेदारांना रडू आलं, आणि रडायलाही अंगात जोर नव्हता.

उन्हं वर आल्यावर ते काठी टेकत दवाखान्यात गेले. डॉक्टर सुब्बराव रंगाऱ्यांच्या घराण्यातले, घरात मराठी बोलणारे. त्यांनी नाडी पाहिली, पोट दाबलं, सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला.

"अय्यो दफेदार! रोज सोनामुखी? आतड्याला चाबकाची सवय लावलीत हो तुम्ही."

"एक दिवस चुकला तर भीती वाटते, डॉक्टरसाहेब."

"एक सोडा, दोन दिवस चुकले तरी माणूस मरत नाही. कुणाला रोज होतं, कुणाला दिवसाआड. सोनामुखी अडीअडचणीला, एखादा दिवस, तीही चिमूटभर. आणि पोटात कळ असेल, उलटी होत असेल, रक्त दिसलं, तर कुठलाच जुलाब घ्यायचा नाही. सरळ इथं यायचं."

मग त्यांनी इसबगोलाची पुडी बांधून दिली. "हे ढकलत नाही, मळ नुसता मऊ करतं. चमचाभर, मोठा पेलाभर पाण्यातून, आणि वर आणखी एक पेला पाणी. कोरडं गिळलंत तर घशातच अडकेल. आठ दिवस घ्या, मग मला दाखवा. बाकी औषध म्हणजे हिरवा पाला, ताक, आणि रोजचं चालणं. साकु, एवढं पुरे!"

पहिले दिवस फार जड गेले. तीन सकाळी काहीच झालं नाही. हात सोनामुखीच्या डब्याकडं जाई आणि दफेदार तो मागं घेत. चौथ्या दिवशी, ना मुरडा ना कळ, पोट आपसूक हललं. महिन्याभरात पुडी सुटली. दफेदार स्वतः भाजी चिरायला लागले, आणि चक्क गुणगुणायलाही.

आता सबब उरली नव्हती, आणि बोलावणंही उरलं नव्हतं. चार दिवस कागद पुढ्यात घेऊन बसले. शेवटी लाज गुंडाळून ठेवली आणि खरं ते लिहिलं, "पोरी, रीतीचं खोटं होतं. मला पोटाचा त्रास होता, तुझ्या घरी लाज वाटली असती. आता बरा आहे. अजून यावं असं वाटत असेल तर कळव."

उत्तर आठव्या दिवशी आलं.

"अप्पा, गुरुवारी हे तुम्हाला न्यायला येतायत, सामान बांधून ठेवा. दोन वर्षं मी समजत होते, तुम्ही माझ्यावर रागावलात. एवढीशी गोष्ट! मला आधी का नाही हो सांगितलं? आईला तर जन्मभर हाच त्रास होता. पहाटे परसात रडायची बिचारी. तुम्हाला सांगायची तिला लाज वाटायची, मलाही सांगू देत नसे."

दफेदारांनी ती ओळ पुन्हा वाचली. सदतीस वर्षांचा संसार. ती पहाटे उठून परसात जायची, बराच वेळ यायची नाही, आणि हे अंथरुणातून ओरडायचे, चहाला उशीर का म्हणून.

"भागीरथी, अगं, मला सांगायचं होतंस," ते मोठ्यानं म्हणाले. मग त्यांना कळलं, त्यांनी तिला एकदाही विचारलं नव्हतं.