नाश्त्यानंतरची गोळी

इंदुरात नाश्ता एकदाच होत नाही. सकाळचे पोहे-जिलबी हा नाश्ता, चारच्या चहाबरोबरची कचोरी हाही नाश्ता, आणि पाहुणा आला की भरल्या पोटी पुन्हा "थोडासा नाश्ता" होतोच. माझे बाबा या धर्माचे कट्टर अनुयायी.

गेल्या हिवाळ्यात त्यांना संध्याकाळी चक्कर येऊ लागली. एकदा तर जिन्याचा कठडा धरून तसेच उभे राहिले. मी घाबरले, आणि घाबरले की मी चिडते. त्यांचं एकट्यानं बाहेर जाणंच मी बंद केलं. कोपऱ्यावरचं दुकान, तिथली दोस्तमंडळी, सगळं बंद. बाबा तोंड पाडून खिडकीत बसले.

"मला काय शोकेसमध्ये ठेवतेस, बेटा?"

ते बघवत नव्हतं, पण मी हट्ट सोडला नाही. त्यांना विजय नगरला डॉक्टरबाईंकडे नेलं. रक्तदाब फारच खाली आला होता.

"आजोबा, बीपीची गोळी कधी घेता?" त्यांनी विचारलं.

बाबा खुलले. "एकदम टाइमवर! तुम्हीच तर बोलल्या होत्या, नाश्त्याच्या बाद. सवेरे पोहे, मग गोळी. चार बजे कचोरी, मग गोळी. कोणी मेहमान आला तर अजून एक. एक भी नाश्ता चुकवला नाही!"

गोळ्या ते स्वतःच मेडिकलमधून आणत, म्हणून मला पत्ताच नव्हता. डॉक्टरबाई इंदूरच्याच. त्यांना आधी हसू फुटलं, मग त्या रागावल्या. गोळी दिवसातून एकदाच, सकाळी. आणि पुढच्या वेळी घरातली सगळी औषधं पिशवीत घालून दाखवायला आणायची.

"आणि बाहेर?" बाबांनी हळूच विचारलं.

"आधी चक्कर थांबू दे."

चक्कर थांबली. पुन्हा तपासून त्यांनी परवानगी दिली आणि बाबा इस्त्रीचा शर्ट घालून निघाले, वरात निघावी तसे. मी ऑफिसात बसले होते, पण जीव सगळा फोनमध्ये. साडेचारला मेसेज आला: "कचोरी झाली. गोळी नाही घेतली. आता खुश?"

खूप खूश होते. डोळे पुसत मी लिहिलं, "येताना दोन बांधून आणा. माझा नाश्ता व्हायचाय."