आईच्या कमरेतलं पाणी

फुलचूरच्या आमच्या घरापुढे सडा घालण्यापुरतं अंगण आहे. आई उठली की आधी खराटा हातात घ्यायची, मग चूळ भरायची. मागच्या पावसाळ्यात तिच्या कमरेतली एक चकती सरकली आणि उजव्या पायात कळ उतरू लागली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि उठल्या उठल्या वाकायला मनाई केली. आईनं गोळ्या घेतल्या, मनाई ऐकली नाही. वाकता येईनासं झालं की बाई पोरांच्या हाती गेली, असं तिला वाटायचं. तिला त्याचीच भीती होती.

मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. तिला सांगितलं, दिवसभराच्या भारानं मणक्यांमधल्या चकत्यांतलं पाणी पिळून निघतं. आतले क्षार दाट होतात, पेशी आक्रसतात. मग त्या काही बारीक रेणू साठवून स्वतःपुरतं पाणी धरून ठेवतात. रात्री आपण आडवे झालो की पाणी परत येतं, चकती फुगते, आणि पेशींना पुन्हा जुळवून घ्यावं लागतं. सकाळी ती टम्म असते, तेव्हा वाकलं तर ताण जास्त पडतो.

"म्हणजे उठल्यावर माजी उंची वाढून रायते?"

"थोडीशी."

"मंग माजं लगन पहाटेच लावाचं होतं. तुज्या बापाच्या खांद्यालेई लागत नव्हती मी."

शेवटी ठरलं ते असं. पहिला तासभर ती नुसती फिरेल आणि खराटा मी धरीन. शेजारच्या काकू कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या.

"काऊन जी मास्तर, मायनं नोकरीवर ठेवलं काय?"

"बिनपगारी," आई म्हणाली. "काम बी तसंच आहे."

फिरता फिरता ती मला राहिलेले कोपरे दाखवायची. तास झाला की माझ्या हातून खराटा घ्यायची आणि मी झाडलेलं अंगण पहिल्यापासून झाडायची. हिवाळ्यापर्यंत पायातली कळ ओसरली. त्या तासामुळे की गोळ्यांमुळे, हे एका माणसावरून सांगता येत नाही. दिवाळीत तिनं बसून, वाकून, मोठी रांगोळी काढली आणि मदतीला आलेल्या माझ्या बहिणीला उठवून लावलं.

फाल्गुनातल्या एका सकाळी चहा पिता पिता तिचं हृदय थांबलं. बहीण रायपूरहून दुपारच्या गाडीनं यायची होती, तोवर आईला जमिनीवर निजवून ठेवलं. मी जवळ बसलो होतो. चकतीच्या गाभ्यात रक्तवाहिन्या नसतात. जे मिळतं ते कडेनं झिरपत येतं, तेही थोडंच. थोडक्यात भागवायची सवय असल्यानं हृदय थांबल्यावरही तिथल्या पेशी काही काळ तग धरतात. हे मी वाचलेलं होतं, वर्गात सांगितलंही होतं. आता तिच्या पाठीवर भार नव्हता. पाणी परत येत असेल, आणि आत त्या नेहमीसारख्या जुळवून घेत असतील. त्यांना अजून कोणी काही सांगितलं नव्हतं.

बहीण आली. रडणं झालं. मग शेजारची माणसं आईला उचलायला पुढे झाली.

"कंबर सांभाळून," मी म्हणालो.

कोणी माझ्याकडे पाहिलं नाही. एकानं आपला हात तिच्या पाठीखाली आणखी आत सरकवला, आणि मग त्यांनी तिला सावकाश उचललं.