शिपायाच्या टोपीची टेस्ट

डॉक्टरसाहेबांनी शिपायाच्या देखत त्याची टोपी टेबलावरच्या टोपलीखाली ठेवली आणि शिपायाला बाहेर पाठवलं. तो गेल्यावर टोपी काढून पत्र्याच्या डब्यात घातली, वर झाकण लावलं. समोर गंगाराम बसलेला. मी भिंतीला टेकून उभा. मला ताकीद होती, तोंड उघडायचं नाही.

"सांग गंगाराम, शिपाई परत आला तर टोपी कुठं शोधेल?"

गंगाराम उठला. दार उघडलं. बाहेर बिडी ओढणाऱ्या शिपायाला म्हणाला, "तुमची टोपी डब्यात हाय. साहेबानं हलवली." परत येऊन बसला आणि म्हणाला, "डब्यात शोधंल."

डॉक्टरांनी कागदावर फुली मारली.

आमचं काम हळद शिजवायचं. ओली हळद खणून आली की मोठ्या लोखंडी कढईत उकळायची, फेस वर आला की काढायची, वाळत घालायची. साल नक्की आठवत नाही, पण सत्तर सालानंतरची गोष्ट. मी दोन यत्ता शिकलो, तेवढ्यावर मला कोणी शहाणा म्हणत नव्हतं. पण आमच्या कुरुंदा गावाकडं कढईचा मिस्त्री म्हणलं की माझंच नाव निघायचं, हे मी लपवणार नाही.

कढईवर माझा एकच नियम. कोणाची वस्तू जागची हलवली, तर हाक मारून त्याला सांगायचं. वाफेत दिसत काही नाही. माणूस सवयीनं हात टाकतो, सवयीनं पाय टाकतो. झारा, टोपली, फळी जिथं ठेवली तिथं नसली तर तो भाजला म्हणून समजा.

गंगाराम माझ्याकडं जाळ घालायचा. वय तिशीचं. कमी बोलायचा, नजरेला नजर द्यायचा नाही. थट्टा केली तर खरी धरायचा. पण नियम म्हणजे त्याला देवाची आण.

त्या हंगामात शेताच्या मालकाचा भाचा सहज म्हणून कढईजवळ आला आणि बसायला फळी ओढून घेतली. त्याच फळीवर पाय देऊन हळदीच्या टोपल्या वाहणारी सखूबाई कढईशी यायची. ती टोपली घेऊन वळली तोच गंगारामनं भाच्याला ढकललं आणि फळी जागेवर नेऊन टाकली. भाचा राखेत बसला. पांढरी पँट काळी झाली.

मालक भडकले. "मिस्त्री, हे येडं आज ढकलून राहिलं, उद्या कढईत टाकंल!"

"मालक, त्यानं सखूबाईला वाचवलं."

"मग तोंडानं सांगता येत न्हाई का? डाक्टरचं सर्टिफिकेट आणा, न्हाई तर कढईवर नको."

गंगारामला घरात आई, आणि बाहेर ही कढई. दुसरीकडं कोणी त्याला उभं करत नव्हतं. म्हणून आम्ही हिंगोलीला आलो. तिथं बाहेरगावाहून मनाचे डॉक्टर येत.

फुली बघून मला राहवलं नाही. "साहेब, त्याचं उत्तर बराबर हाय. आता शिपाई डब्यातच बघणार."

"मिस्त्री, तुम्ही गप्प. त्याला दुसऱ्याच्या मनातलं कळतं का, हे मी बघतोय."

साहेबांनी शिपायाकडून टोपी परत टोपलीखाली ठेवून घेतली, त्याला बाहेर काढलं. ह्यावेळी दाराला कडी लावली. "गंगाराम, उठायचं नाही." टोपी डब्यात गेली. "आता तो कुठं बघेल?"

डोक्यावर पंखा खडखडत होता. गंगाराम मागंपुढं डोलायला लागला. एक हात कानावर, दुसऱ्यानं मांडी चोळत होता. "त्याला ठाऊक न्हाई. तो टोपलीखालीच हात घालंल. त्याला सांगा. साहेब, सांगा ना त्याला!"

डॉक्टरांचा पेन थांबला. "मग पहिल्यांदा डबा का म्हणालास?"

"मी सांगून आलो व्हतो न्हाई का."

साहेबांनी उठून स्वतःच कडी काढली आणि बाहेर तोंड काढून म्हणाले, "अहो, टोपी डब्यात आहे." तेव्हा कुठं गंगारामचं डोलणं थांबलं.

परत येताना एसटीत तो आपणहून बोलला. असं क्वचित व्हायचं.

"मामा, साहेबाला तर माहीत व्हतं टोपी कुठं हाय. मग मला काहून इचारलं?"

"तुला कळतं का ते बघाया."

"तेच परत इचारलं की वाटतं पहिलं चुकलं. अन् ते डोळ्यात बघत व्हते. डोळ्यात बघितलं की मला बोललेलं ऐकू येत न्हाई."

मला तोवर वाटायचं, हा ऐकूनच घेत नाही. मी खिडकीबाहेर बघत बसलो आणि तसाच त्याच्याशी बोललो. कळमनुरीपर्यंत आमचं चांगलं जमलं.

सर्टिफिकेटात दोन गोष्टी होत्या. कामावर ठेवायला हरकत नाही. आणि ह्याच्याजवळ जाताना आधी आवाज द्यावा, अचानक काही बदलू नये.

मालक म्हणाले, "माझ्याच शेतात मी हाक मारत यायचं?"

"मालक, शेत कोणाचं हे वाफेला कळत न्हाई."

"अन् न्हाई मारली तर?"

"तर दुसरा मिस्त्री बघा. मी बी चाललो." मागं ओल्या हळदीचा ढीग पडलेला. मालकांनी ढिगाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी वाफेपलीकडून आवाज आला, "गंगाराम, मी येऊन राहिलो रे! भाचा बी संगं हाय!"

गंगाराम जाळावरून मान न वळवता म्हणाला, "या. फळी डाव्या हाताला हाय."

आता माझी नात म्हणते, अशा माणसाच्या घडणीला ऑटिझम म्हणतात. मेंदूच जरा वेगळ्या वळणाचा. त्या टोपीच्या टेस्टसारखी टेस्ट हल्ली बाहुल्या घेऊन करतात म्हणे, आणि पुष्कळांचं उत्तर चुकतं. असेल. मी शिकलेला नाही. पण एवढं सांगतो, ज्याची टेस्ट घ्यायची त्याला विचारावं, बाबा, तुला हे कसं वाटलं? आणि दुसरा माणूस कुठं फसेल हे गंगारामसारख्याला विचारायचं असेल, तर आधी दाराला कडी लावावी. दार उघडं असलं तर तो फसू देत नाही.