गॅरेजातली लिली

ईस्टरची प्रार्थना संपली की चर्चमध्ये सजावटीला ठेवलेल्या पांढऱ्या लिलीच्या कुंड्या आर्डिस टॉलफसनच्या गाडीत चढायच्या आणि ज्यांना गुडघ्यांमुळे चर्चला येणं झेपत नाही त्यांच्या दारी पोचायच्या. आर्डिसनं लग्न केलं नाही, पण मिनेसोटातल्या त्या गावचं एकही म्हातारं माणूस तिनं वाऱ्यावर सोडलं नव्हतं. तिला नको म्हणायची कुणाची टाप नव्हती, आणि तिथली माणसं तोंडावर नको म्हणणारी नव्हेतच.

यंदा ईस्टरच्या दुपारी जेवताना आर्डिसच्या भाचीनं सहज सांगितलं, की मांजर पाळल्यापासून तिच्या घरात लिलीला मज्जाव आहे. पान चावलं, अंगावर पडलेले पराग चाटले, नुसतं फुलदाणीतलं पाणी प्यायलं, तरी मांजराच्या किडन्या निकामी होतात.

आर्डिस ताटावरून उठली. सकाळीच तिनं ऑर्व्हल लिंडक्विस्टच्या हातात कुंडी दिली होती. त्याची बायको मार्जरी हिवाळ्यात वारली. आता घरात तो आणि मार्जरीची मांजर टफी, एवढेच. तिनं फोन लावला, तो वाजतच राहिला. दुपारी ऑर्व्हल कानातलं यंत्र काढून झोपतो हे ठाऊक असूनही ती पुन्हा पुन्हा लावत होती. शेवटी कोटाची बटणं न लावताच ती गाडीत बसली. वितळत्या बर्फाच्या चिखलात चाकं घसरत होती. देवा, हे माझ्या हातून नको, एवढंच ती वाटभर म्हणत राहिली.

दारावरच्या थापांनी ऑर्व्हल उठला आणि कानात यंत्र घालत आला. त्याच्या पायाशी टफी, शेपटी वर, ठणठणीत.

"कुंडी कुठंय?" आर्डिसनं ओरडून विचारलं.

"गॅरेजात. दरवर्षी तिथंच ठेवतो."

"दरवर्षी?"

ऑर्व्हल स्वतःच्या सपातांकडे बघत राहिला. "आमची आधीची मांजर, पर्ल. ती तुझ्या लिलीनंच गेली, आर्डिस. मार्जरी म्हणाली, आर्डिसला कळू द्यायचं नाही. बिचारी किती हौसेनं आणते."

पर्ल गेली तेव्हा आर्डिसच केक घेऊन समाचाराला आली होती, आणि मार्जरीनं तिला जवळ घेतलं होतं. आर्डिसला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर मार्जरीचा रागही आला. एका शब्दानं सांगितलं असतं तर?

"आणखी कुणाची गेली, ऑर्व्हल?"

ऑर्व्हलनं नजर चुकवली. "कॉफी घेतेस ना?"

आर्डिसनं कोटाची बटणं लावली आणि सकाळी जिथं जिथं कुंडी दिली होती, त्या घरांकडे गाडी वळवली.