साडूंची जुनी अमेरिका

काही शतकांपूर्वी बोटीत बसून अमेरिकेच्या किनाऱ्याला लागलेल्या त्या इंग्रज कुटुंबांची काळजी, त्यांच्या आयांनंतर कोणी मनापासून वाहिली असेल, तर ती फैजपूरजवळच्या एका शाळेत पाचवीला शिकवणाऱ्या आमच्या साडूंनी. माणूस उभ्या आयुष्यात पूर्वेला मुक्ताईनगर आणि पश्चिमेला धुळ्याच्या पलीकडे फारसा गेलेला नाही. पण अमेरिकेच्या पहिल्या वसाहतींविषयी ते असे बोलतात, की ऐकणाऱ्याला वाटावं, ही मंडळी यांच्या चुलत्यांपैकी असून पोट भरायला परमुलखात गेली आहेत. एकदा एका लग्नाच्या पंगतीत भात कालवता कालवता ते सुस्कारा टाकून म्हणाले, "शेवटी मका आला म्हणून जगले बिचारे." शेजारी बसलेल्या गृहस्थांनी काळजीने विचारलं, "कोण, रावेरवाले का?"

या प्रेमप्रकरणाची सुरुवात शाळेने केली. शाळा इंग्रजी माध्यमाची. व्यवस्थापनाने एका वर्षी नव्या पद्धतीची पुस्तकं आणली आणि त्यांत 'वसाहतींमधलं जीवन' असा एक धडा निघाला. बाकीच्या शिक्षकांनी तो वाचून, खाली रेघा ओढून, प्रश्नोत्तरं उतरवून घेऊन संपवला असता. आमचे साडू पडले जुन्या वळणाचे. हाताने केल्याशिवाय डोक्यात काही शिरत नाही, अशी त्यांची श्रद्धा. अपूर्णांक शिकवताना ते खरोखरीची भाकरी मोडतात आणि तास संपला की भागाकारही खाऊन टाकतात. असल्या माणसाच्या हाती आख्खी वसाहत लागली.

त्या काळी वसाहतींतली मुलं मोठ्यांसमोर बसून जेवत नसत, टेबलाशी उभ्याने मुकाट्याने जेवत, असं त्यांच्या वाचनात आलं. दुसऱ्या दिवसापासून पाचवीचा वर्ग मधल्या सुट्टीत डबा हातात धरून उभा. एका मुलीची आजी विसरलेली पाण्याची बाटली द्यायला आली, तिने खिडकीतून हे दृश्य पाहिलं. "व माय, लेकरांले शिक्षा काहून केली?" तिने विचारलं. साडूंनी तिला बसायला खुर्ची दिली आणि वसाहतींमधली शिस्त समजावून सांगितली. आजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि त्या म्हणाल्या, "म्हणूनच ते वाळले असतीन." तेव्हापासून मुलं पुन्हा बसून जेवू लागली.

मग आलं लोणी काढणं. वसाहतीतल्या बायका लोणी कशा काढत हे दाखवायला साडूंनी घरून अक्कांची रवी आणि दह्याचं मडकं आणलं. अक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, साडूंची अर्धांगी आणि त्यांच्या सगळ्या प्रयोगांची मुकी साक्षीदार. साडूंनी रवी उलटी धरली आहे हे पहिल्या बाकावरच्या पोरीने सांगितलं, दुसऱ्या बाकावरचीने दोरी हातात घेतली आणि घटका-दोन घटकांत लोण्याचा गोळा वर आला. पुस्तकातल्या चित्रात बाई दमलेली दाखवली होती. आमच्याकडच्या पोरींना घामही आला नाही. साडूंना मात्र याचा इतका आनंद झाला की त्यांनी मला धुळ्याला फोन करून कळवलं, "आपली पोरं तिथे असती ना, तर निभावली असती."

माशांचं प्रकरण जरा जड गेलं. तिथल्या मूळ रहिवाशांनी या नवख्यांना मका लावायला शिकवला, खत म्हणून प्रत्येक खड्ड्यात मासा पुरायला सांगितला, हे धड्यातच होतं. आता हे गाव केळीवाल्यांचं. तिथल्या बहुतेक घरांत अंडं खाणाऱ्यालाही दुरून नमस्कार करतात. साडूंनी आठवडी बाजारातून सुके मासे घेतले, ते वर्तमानपत्रात, मग पिशवीत, मग दुसऱ्या पिशवीत बांधले आणि बसमध्ये मांडीवर घेऊन आले. वाटेत शेजारचे प्रवासी एकेक करून पुढच्या सीटवर गेले. शाळेच्या मागच्या तुकड्यात मुलांनी खड्डे केले, मासे पुरले, मका टोकला. सकाळी येऊन पाहतात तो पंचक्रोशीतली मांजरं तिथे जमलेली, आणि एकही खड्डा शाबूत नाही. अक्कांनी साडूंना अंगणातल्या नळावर डोक्यावरून अंघोळ केल्याशिवाय घरात घेतलं नाही, आणि ती पिशवी पुढे कित्येक दिवस लिंबाच्या झाडाला टांगलेली होती. मका काही उगवला नाही. मांजरं मात्र त्या वर्षी अंगाने चांगली भरली होती.

त्याच वर्षी गॅदरिंगला वसाहतीचं नाटक बसवायचं साडूंनी मनावर घेतलं. लेखन, दिग्दर्शन, नेपथ्य सगळं त्यांचंच. बोट येते, थंडी पडते, निम्मी माणसं मरतात, मूळ रहिवासी मका शिकवतात, पीक येतं आणि शेवटी सगळे एकत्र बसून जेवतात, असं कथानक. पात्रं ठरवताना पंचाईत झाली. इंग्रज व्हायला कोणी तयार होईना, कारण इंग्रज मरणार होते. मूळ रहिवासी सगळ्यांनाच व्हायचं होतं, कारण त्यांना पिसं आणि तीरकमठा मिळणार होता. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. त्यात गावातल्या बड्या केळीवाल्या आबांच्या मुलाच्या वाट्याला पहिल्याच आठवड्यात मरण आलं.

आबा शाळेच्या समितीवर होते. ते बुलेटवरून थेट वर्गाच्या दाराशी आले.

"सर, माह्या पोराले पहिल्याच थंडीत काहून मारलं?"

"आबा, त्या थंडीत निम्मी माणसं गेली. मी काय करणार."

"मंग उरलेल्या निम्म्यात घाला ना त्याले."

"त्याची चिठ्ठी तशी निघाली. आता त्याला जगवला तर बाकीच्या मेलेल्यांचे आईबाप उद्या दारात येतील."

आबांनी विचार केला. ते व्यवहारी गृहस्थ होते. "बरं, मरू द्या. पन सगळ्यायच्या शेवटी मरू द्या. त्याची आजी पाह्याले येनार हाये." साडूंनी हे मान्य केलं आणि वर मरताना दोन वाक्यंही दिली.

तालमी रंगात आल्या. एके दिवशी शेवटचा प्रवेश बसवत असताना मूळ रहिवाशांच्या मुखियाचं काम करणाऱ्या मुलीने हात वर केला. तिचं नाव सुनीता. सातपुड्यातल्या एका पाड्यावरून येऊन ती शाळेच्या वसतिगृहात राहत होती. तिने विचारलं, "सर, जेवण झाल्यावर आम्ही कुठे जायचं?"

प्रश्न साधा होता. इंग्रज आपापल्या पुठ्ठ्याच्या घरात जाणार होते. तिच्या लोकांसाठी साडूंनी घरं केलीच नव्हती, आणि पुस्तक जेवणापाशीच संपत होतं. साडूंनी तालीम थांबवली. नंतर दोन-तीन दिवस ते कुठलीकुठली पुस्तकं वाचत बसले होते, असं अक्का सांगत होत्या. मग एका सकाळी त्यांनी नाटकाच्या तासाला मुलांना खाली बसवून पुढचं सांगितलं. साथीत किती माणसं गेली, जमिनी कशा गेल्या, उरलेल्यांना कसं मागे मागे सरकावं लागलं. सुनीता म्हणाली, "आमचे आजोबा सांगतात, आधी रान पार खालपर्यंत होतं." साडूंनी तिला पुढे बोलू दिलं. त्या दिवशी धड्यापेक्षा ती जास्त बोलली.

मुख्याध्यापिकाबाईंचं मत वेगळं पडलं. "सर, गॅदरिंग आहे. गाणं लावा आणि पडदा टाका." साडूंनी मला फोन केला. "भाऊसाहेब, तुम्ही सांगा, या पोरीला कुठे पाठवू?"

मी बँकेतला माणूस. म्हटलं, "विंगेत पाठवा."

"तेच तर सगळ्यांनी केलं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

गॅदरिंगला मी मुद्दाम धुळ्याहून गेलो. बर्फ म्हणून साडूंनी जिनिंगमधून कापूस आणून स्टेजभर पसरला होता. त्यामुळे थंडीत मेलेली माणसं आळीपाळीने शिंकत होती. ठरल्याप्रमाणे आबांचा मुलगा सगळ्यांच्या शेवटी, अगदी सावकाश मेला. पहिल्या रांगेतल्या त्याच्या आजीचा जीव कासावीस झाला. "ऊठ रे राजा," ती म्हणाली. राजा उठून बसला, "आजी, मी नाटकात मेलो," असं तिला समजावून पुन्हा आडवा झाला. हसणं ओसरायला बराच वेळ लागला.

मग जेवणाचा प्रवेश आला. पानात मक्याची भाकरी, भरीत आणि केळी होती. इंग्रज आणि मूळ रहिवासी एका पंगतीत बसले आणि खरोखरच जेवू लागले. बाईंनी विंगेतून पडद्याची खूण केली. पडद्याची दोरी साडूंच्या हातात होती. ते ओढेनात. स्टेजवर कोणी बोलत नव्हतं, मुलं नुसती जेवत होती. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, मग थांबवल्या. काहीतरी चुकलं असं वाटून लोक कुजबुजू लागले. मागून कोणी तरी शिट्टी मारली. तेव्हा तीच आजी मागे वळून म्हणाली, "जेवू द्या ना लेकरांले."

साडू दोरी धरूनच पुढे आले. त्यांनी सुनीता आणि तिच्या बाजूच्या मुलांकडे हात केला. "पुस्तकात यांना पाहुणे म्हटलं आहे. पण घर यांचंच होतं. पुढे यांना या पंगतीतून उठावं लागलं. आज मी कोणाला उठवणार नाही." एवढं बोलून ते मागे झाले, आणि मुलं बसलेली असतानाच त्यांनी पडदा सोडला.

बाई त्यांच्याशी आठवडाभर कामापुरतंच बोलल्या. आबा मला दारात भेटले. म्हणाले, "शेवट काही समजला नाही, पन पोरगं चांगलं मेलं." विंगेत पाहिलं तर मेलेली मुलं अंगावरचा कापूस झटकून उरलेल्या भाकरीवर तुटून पडली होती आणि साडू सुनीताला आग्रहाने आणखी भरीत वाढत होते.

गेल्या वर्षी साडू निवृत्त झाले आणि अक्कांना घेऊन जळगावला राहायला आले. त्यांची लेक नोकरीच्या निमित्ताने आता अमेरिकेत आहे, त्याच जुन्या वसाहतींच्या किनाऱ्याला. ती सारखी बोलावते. अक्कांनी स्वेटर विणून तयार ठेवले आहेत. परवा गॅलरीत चहा घेताना मी म्हटलं, "जाऊन या की आता. आयुष्यभर दुसऱ्याला दाखवलंत, एकदा स्वतः बघा."

साडूंनी बशीतला चहा संपवला. खाली रस्त्यावरून शाळा सुटलेली पोरं चालली होती, ती वळणाआड होईपर्यंत ते पाहत राहिले.

"जाऊ कधीतरी," ते म्हणाले. "पण आमच्या ओळखीचं आता तिथे कोणी राहिलं नाही."