अप्पांनी न दिलेला जबाब

माझे वडील, आमचे अप्पा, शाळेची बस चालवायचे. शेवटचा स्टॉप म्हणजे आमचं गाव वळसंगच, त्यामुळे बस मुक्कामाला आमच्याच दारात असायची. एका दुपारी शेवटची मुलं उतरवून ते घराकडं वळत होते. तेवढ्यात शेताच्या रस्त्यानं एक मोटारसायकल आली आणि बसच्या पुढच्या चाकावर आदळली. चालवणाऱ्या तरुणाचा पाय मोडला. अप्पांनी त्याला बसमध्येच आडवं केलं, सोलापूरच्या दवाखान्यात आणलं आणि पोलिसांना फोनही स्वतःच केला.

मी सोलापुरातच, जुळे सोलापूर भागात, एका ऑफिसात नोकरीला. निरोप मिळताच गाडी काढून पोलीस ठाण्यात पोचले. अप्पा बाकावर बसले होते, शर्टाच्या बाहीवर त्या मुलाचं रक्त वाळलेलं. समोरचे फौजदार माणूस म्हणून वाईट नव्हते, चहाही मागवला होता त्यांनी. अप्पांनी नाव, पत्ता सांगितला, लायसन्स आणि बसचे कागद पुढं ठेवले. मग फौजदारांनी वेग किती होता, हातात मोबाइल होता का, असं विचारायला सुरुवात केली. तेव्हा अप्पा शांतपणे म्हणाले, "साहेब, बाकीचं वकील आल्यावर."

चूक नसेल तर बोलायला काय हरकत आहे, असं साहेबांनी विचारलं. अप्पा गप्प.

मला ती शांतता सहन होईना. वाटलं, हे असे बसले तर गुन्हेगारच वाटणार. मीच मध्ये पडले. म्हटलं, साहेब, अप्पा सावकाशच चालवतात, आज आईला डोळ्याच्या डॉक्टरकडं न्यायचं होतं, म्हणून जरा घाईत असतील. साहेबांचं पेन लगेच हललं. अप्पांनी माझ्याकडं पाहिलं.

"पोरी, तू बसमधी होतीस का?"

"नाही."

"मग गप बस की."

पुढचा दीड तास साहेबांनी सगळं करून पाहिलं. आधी समजावलं, मग आवाज चढवला, लायसन्स जाईल, आत बसावं लागेल म्हणाले. अप्पा दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिले. एकदाच बोलले, "तुमचा अपमान म्हणून न्हाय, साहेब. कायद्यानं मला गप बसता येतं." शेवटी अप्पांनी फोन करून बोलावलेल्या वकीलबाई आल्या, कागद झाले आणि संध्याकाळी जामिनावर सुटका झाली.

घरी जाताना माझ्या गाडीवर मागं बसून त्यांनी जे सांगितलं, ते मला तोवर माहीतच नव्हतं. तरुणपणी ट्रक चालवताना त्यांचा असाच एक अपघात झाला होता. समोरच्या गाडीला दिवे नव्हते. तरी पोलिसांपुढं अप्पा भोळेपणानं बोलून गेले की डोळ्यावर जरा झोप होती. ते एक वाक्य कोर्टात कित्येक वर्षं त्यांच्या मागं लागलं. "घाबरलेला माणूस खरं बोलत न्हाय, कायबी बोलतो," ते म्हणाले. गप्प बसायचा हक्क असतो, हे त्यांना त्या वेळच्या वकिलानं सांगितलं, पण निकाल लागून गेल्यावर.

माझ्या तोंडचं "घाईत" मात्र कागदावर चढलं होतं. ते निस्तरताना वकीलबाईंची एक अख्खी तारीख गेली.

तो मुलगा दवाखान्यात होता तोवर अप्पा दर दोन-तीन दिवसांनी त्याच्या आईसाठी भाकरीचा डबा घेऊन जायचे. अपघाताबद्दल त्या माउलीनं विचारलं, तर "कोर्टात सगळं सांगीन" एवढंच म्हणायचे.

आणि सांगितलंही. रस्त्यावरच्या पेट्रोल पंपाच्या कॅमेऱ्यात मोटारसायकल न थांबता रस्त्यावर आलेली दिसत होती, तेवढ्यावर भागलं असतं. पण न्यायाधीशांनी विचारल्यावर अप्पा उभे राहिले आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं बोलले. वळणावर हॉर्न द्यायचा राहिला होता, हेसुद्धा. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. निकाल आमच्या बाजूनं लागला, पण तो लागायच्या आधीच, मागच्या बाकावर बसून त्यांना ऐकताना, माझी मान ताठ झाली होती.