न झालेले गोल

बर्फाच्या मैदानामागच्या खोलीत एकेकटे हातमोजे साठतात. जोडीतला दुसरा कुठे गेला, कोणालाच माहीत नसतं. पण टाकून देववत नाही. महिला आइस हॉकीच्या क्लबात मी पाच वर्षं स्केटच्या पात्यांना धार लावतो. माझ्याकडे किस्से असेच साठले आहेत. त्यातले थोडे सांगतो.

आधी माझ्याबद्दल. शाळा सातवी. चिंचवडच्या एका टूलरूममध्ये, गाड्यांच्या भागांचे साचे बनतात तिथे, एकेचाळीस वर्षं ग्राइंडर होतो. माझ्या हातचा एकही जॉब नापास होऊन परत आला नाही. मुलगा जर्मनीत झिंडेलफिंगेनला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. बायको गेल्यावर त्यानं मला इकडे आणलं. नात रेवा तेव्हा पंधरा वर्षांची होती. क्लबात डिफेंडर.

*

इथल्या क्लबाला फेराइन म्हणतात. नियम असा की प्रत्येक घरानं वर्षात ठरलेले तास क्लबासाठी राबायचं. फुकट! मुलाला वेळ नाही, सुनेला नाही. मग मी गेलो.

सामानाची खोली उवे नावाचा माणूस सांभाळायचा. माझ्याच वयाचा. त्यानं मुलाला विचारलं, "यांना सामन्याच्या दिवशी विकायला केक भाजता येतो का?"

मुलानं मला मराठीत सांगितलं.  कोपऱ्यात धार लावायचं चाक होतं, मी तिकडे बोट दाखवलं.

*

पहिली जोडी रेवाचीच घेतली. टूलरूममध्ये सपाट म्हणजे सपाट. मी पातं असं सपाट केलं की त्यात तोंड दिसावं. उवे तेव्हा कॉफी आणायला गेला होता.

रेवा बर्फावर उतरली आणि थेट समोरच्या कठड्यावर जाऊन आपटली! वळता येईना, थांबता येईना. बाकीच्या पोरी पोट धरून हसल्या.

उवेनं दुसरं पातं माझ्यासमोर आडवं धरलं आणि त्यावर बोट फिरवायला लावलं. मधोमध पन्हळ होती. दोन्ही बाजूंना दोन धारा. त्या बर्फात रुततात, म्हणून माणूस उभा राहतो.

मुलगा म्हणाला, "बाबा, जाऊ दे, तुम्ही केकच..."

मी आठवडाभर जुन्या पात्यांवर हात बसवला. तेव्हापासून रेवाच्या पात्याला दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही.

*

रेवाला मराठी सगळं कळतं. उत्तर जर्मनमध्ये देते. मध्ये तिचा बाप दुभाषा.

पहिला मोठा सामना जिंकून आली. मी विचारलं, "गोल किती केलेस?"

"एकही नाही. मी डिफेन्सला आहे."

"मग केलंस काय?"

ती काहीतरी बोलली. मुलगा हसायला लागला. म्हणाला, "बाबा, ती म्हणते, जे झाले नाहीत ते मी केले."

पोरगी माझ्यावर गेली आहे. टूलरूमचं नावही गाडीवर कुठे लिहिलेलं नसतं.

*

समोरच्या खेळाडूला पाडलं की दोन मिनिटं शिक्षेच्या बाकावर बसवतात. रेवाला बसवलं. सून कासावीस झाली. "अहो बाबा, घामेजली आहे हो ती. थंडी बाधेल. एवढं जॅकेट देऊन या ना."

मी गेलो. बाकाचं दार सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या, "आजोबा, हिला शिक्षा झाली आहे."

माझं जर्मन तेव्हा कामापुरतं झालं होतं. म्हटलं, "शिक्षा पूर्ण द्या. जॅकेट घाला."

रेवानं डोक्यावर टॉवेल ओढून घेतला. चार दिवस माझ्याशी बोलली नाही.

*

मग हॅम्बर्गहून बोलावणं आलं. तिथे युनिव्हर्सिटीत जागा मिळाली होती आणि तिथल्या महिला टीमला डिफेंडर हवी होती. जेवताना रेवानं मला काहीतरी विचारलं. बापाकडे न बघता, माझ्याकडे बघून.

मुलगा म्हणाला, "विचारते आहे, आजोबा, मी जाऊ का?"

मनात होतं ते निराळं. तोंडातून आलं, "तुला कोणी धरून ठेवलंय?"

हे वाक्य मुलानं जर्मनमध्ये सांगितलं नाही. गरजच नव्हती. ती ताट उचलून आत गेली. तिसऱ्या आठवड्यात हॅम्बर्गला गेली. फोन यायचा. मी 'बरा आहे' म्हणून सुनेकडे द्यायचो.

*

तिचे सामने आम्ही टॅबलेटवर बघायचो. पण कॅमेरा जातो खेळातल्या चकतीच्या मागे. टीम पुढे गेली की डिफेंडर मागे राहते. माझी नात चित्राच्या बाहेर!

मी मुलाला म्हटलं, "त्या कॅमेरावाल्याला कॅमेरा जरा मागे घ्यायला सांग."

"बाबा, तो हॅम्बर्गला आहे."

मग माझ्या लक्षात आलं. समोरची टीम चाल करून आली की रेवा दिसते. तेव्हापासून मी समोरच्या टीमला ओरडायला लागलो, "चला, चला, पुढे चला!"

सून म्हणाली, "अहो बाबा, आपण नक्की कोणाकडून आहोत?"

उवे आला की तोही माझ्याबरोबर ओरडायचा. त्याला कारण विचारावं लागलं नाही.

*

गेल्या हंगामाआधी हॅम्बर्गची टीम आमच्याकडे मैत्रीचा सामना खेळायला आली. त्या दोन गोलांनी जिंकल्या. सामना संपला की हात मिळवायचे, आंघोळ करायची, बस पकडायची. सात तासांचा रस्ता. मी खोलीतच थांबलो. मुद्दाम भेटायला जाणारा माणूस मी नाही.

दार उघडलं. रेवा. केस ओले, हातात स्केट. तिनं ते माझ्या बाकावर ठेवले आणि समोरच्या स्टुलावर बसली.

मी पातं उजेडात धरलं. नखावर घासून पाहिलं. त्यांच्या माणसाचं काम चांगलं होतं. म्हटलं, "धार आहे याला. काही करायला नको."

"माहितीये," ती म्हणाली. मराठीत. "तरी करा."

चांगल्या पात्याला चाक लावायचं नसतं. मी हातातला बारीक दगड तेलात बुडवला आणि फिरवायला लागलो. ती बघत बसली. बाहेर बसचा हॉर्न वाजला. मी फडक्यानं पुसलं, पुन्हा तेल लावलं. दुसरा हॉर्न. 

शेवटी ड्रायव्हर दारात आला. वैतागला होता. "अजून किती वेळ?"

मी तोंड उघडायच्या आत रेवानं त्याला सांगितलं, "डावा झाला. उजवा राहिलाय."

दोन्ही स्केट पुसून, पात्यांना कव्हर घालून, माझ्या मांडीवर होते.